विष्णुशास्त्री चिपळूणकर

विष्णुशास्त्री कृष्णशास्त्री चिपळूणकर (२० मे १८५० – १७ मार्च १८८२) हे मराठी निबंधकार, ग्रंथसमीक्षक, शिक्षक आणि पत्रकार होते. 'निबंधमाला' या मासिकामुळे ते आधुनिक मराठी गद्याचे एक प्रमुख शिल्पकार मानले जातात. पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल तसेच 'केसरी' व 'मराठा' या पत्रांच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होतो. एखादा ग्रंथकार काय सांगतो याबरोबरच तो ते कसे सांगतो, म्हणजे त्याची शब्दयोजना, अलंकार, वाक्यरचना, पात्रचित्रण आणि रसपरिपोष, यांची तपासणी करून मत देण्याची पद्धत त्यांनी मराठी वाचकांत रुजवली.

बालपण आणि शिक्षण

विष्णुशास्त्रींचा जन्म पुण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे संस्कृतचे नामवंत पंडित होते. 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह' हा ग्रंथ आणि कालिदासाच्या 'मेघदूता'चे मराठी रूपांतर ही त्यांची कामे प्रसिद्ध आहेत. घरात संस्कृत, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतील ग्रंथांचा वावर असल्याने विष्णुशास्त्रींना वाचनाची गोडी लहानपणीच लागली. मराठी कवितेचा, विशेषतः मोरोपंतांच्या आर्यांचा, संस्कार त्यांच्यावर याच काळात झाला.

शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. फ्रांट्स कीलहोर्न हे जर्मन विद्वान त्या काळी तेथे संस्कृतचे प्राध्यापक होते. विष्णुशास्त्री १८७२ साली बी.ए. झाले. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत त्या वेळी मराठीला स्थान उरलेले नव्हते. संस्कृतादी अभिजात भाषा आणि इंग्रजी हेच वाङ्मयाचे विषय होते. त्यामुळे कालिदास किंवा जॉन्सन यांचे ग्रंथ बारकाईने वाचणारा पदवीधर मराठी कवींकडे त्याच दृष्टीने पाहण्याची शक्यता कमी होती. शाळेत मराठी कविता शिकवली जाई, ती मुख्यतः परशुरामपंत गोडबोले यांनी संपादित केलेल्या आणि १८५४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'नवनीत' या वेच्यांच्या पुस्तकातून. तेथे भर असे तो अन्वय, शब्दार्थ आणि पाठांतर यांवर. कवीच्या रचनापद्धतीचा स्वतंत्र विचार करणारे लेखन मराठीत फार थोडे होते. विष्णुशास्त्रींच्या पुढील लेखनाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली.

शाळापत्रक आणि संस्कृत कविपंचक

शिक्षण खात्यातर्फे निघणाऱ्या 'शाळापत्रक' या मासिकाचे संपादन कृष्णशास्त्री करीत असत. १८६८ पासून विष्णुशास्त्री त्यांना या कामात साहाय्य करू लागले. मासिकाचा वाचकवर्ग प्रामुख्याने शिक्षक आणि विद्यार्थ्यांचा होता. याच मासिकात विष्णुशास्त्रींनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या पाच संस्कृत ग्रंथकारांवर लेख लिहिले. पुढे ते 'संस्कृत कविपंचक' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

या लेखांत कवीचा काळ आणि चरित्र, ग्रंथांचा परिचय, निवडक उताऱ्यांचे विवेचन आणि शेवटी गुणदोषांचा विचार असा क्रम सामान्यतः आढळतो. ग्रंथकारांची निवडही अभ्यासाला उपयुक्त होती. कालिदासाची उपमा, भवभूतीचा करुणरस, बाणाच्या 'कादंबरी'तील दीर्घ समासांनी भरलेली वर्णने, सुबंधूच्या 'वासवदत्ते'तील श्लेषांची दाटी आणि दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील कथनाचा ओघ, अशा पाच भिन्न लेखनरीती वाचकापुढे शेजारी शेजारी आल्या. बाण, सुबंधू आणि दंडी हे तिघेही गद्यकथाकार असूनही त्यांची गद्ये एकमेकांपासून किती निराळी आहेत हे त्यामुळे मराठी वाचकाला तुलनेने पाहता आले. परंपरेने गौरवलेल्या कवीतही दोष असू शकतात आणि ते आधारासह दाखवावेत, ही भूमिका तत्कालीन विद्यार्थ्यांना नवी होती.

'शाळापत्रका'तील काही टीकात्मक लेखनामुळे शिक्षण खात्याची नाराजी ओढवली आणि १८७५ साली हे मासिक बंद झाले.

निबंधमाला

विष्णुशास्त्री १८७३ पासून पुण्याच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. नोकरीत असतानाच जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. त्याचे एकूण ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. भाषा, इतिहास, समाज आणि वाङ्मय हे मासिकाचे मुख्य विषय होते.

'मराठी भाषेची सांप्रतची स्थिती', 'भाषापद्धती' आणि 'लेखनशुद्धी' हे त्यांचे भाषाविषयक निबंध होत. 'विद्वत्त्व आणि कवित्व' या निबंधात त्यांनी पांडित्य आणि काव्यशक्ती यांतील फरकाची चर्चा केली. 'ग्रंथांवरील टीका' या निबंधात टीकाकाराच्या कार्याचा विचार आहे. 'मोरोपंतांची कविता' हा त्यांचा विस्तृत समीक्षालेख विशेष महत्त्वाचा मानला जातो. मोरोपंतांची भाषा संस्कृतप्रचुर व दुर्बोध आहे आणि यमकांच्या हव्यासामुळे रसहानी होते, असे आक्षेप घेतले जात असत. विष्णुशास्त्रींनी पंतांची बाजू घेताना त्यांच्या आर्यांतील शब्दांची निवड, यमकरचना, प्रसंगवर्णन आणि पात्रांची भाषणे यांचा आधार घेतला. पंतांविषयीचा त्यांचा पक्षपात या लेखात लपत नाही. तरीही आदर व्यक्त करून न थांबता त्याची कारणे कवितेतून दाखवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. इंग्रजी साहित्यिक सॅम्युअल जॉन्सन यांच्यावरही त्यांनी दीर्घ चरित्रात्मक लेखन केले. जॉन्सन यांच्या 'रासेलस' या कथेचे वडिलांनी सुरू केलेले भाषांतरही त्यांनी पूर्ण केले.

लेखनशैली

विष्णुशास्त्रींच्या गद्यावर जॉन्सन, अ‍ॅडिसन आणि मेकॉले या इंग्रजी लेखकांचा प्रभाव होता. संस्कृत पंडिती परंपरेतील खंडनमंडनाची रीतही त्यांनी आत्मसात केली होती. निबंधाच्या प्रारंभी एखादे संस्कृत वचन, त्यानंतर विषयाची मांडणी, प्रतिपक्षाच्या मताचा अनुवाद आणि मग त्याचे खंडन अशी रचना त्यांच्या निबंधांत वारंवार दिसते. अनेक उपवाक्ये असलेली पल्लेदार वाक्ये, प्रश्नार्थक वाक्यांची मालिका, उपरोध, व्याजस्तुती आणि घरगुती दृष्टान्त ही त्यांच्या शैलीची लक्षणे होत. इतर ग्रंथकारांच्या लेखनरीतीची चिकित्सा करणाऱ्या या लेखकाची स्वतःची शैलीही पुढे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमांत चिकित्सेचा विषय झाली.

टीका आणि वाद

विष्णुशास्त्रींच्या समीक्षेच्या मर्यादा त्यांच्या समकालीन सुधारकांविषयीच्या लेखनात स्पष्ट होतात. लोकहितवादी, महात्मा जोतीराव फुले आणि स्वामी दयानंद सरस्वती यांच्यावर त्यांनी कठोर टीका केली. फुले यांच्या 'गुलामगिरी' या १८७३ सालच्या ग्रंथाचा समाचार घेताना त्यांनी भाषेतील व व्याकरणातील दोषांवर उपहासाचा भर दिला. शूद्रातिशूद्रांच्या दास्याविषयीचा मूळ प्रश्न मात्र त्यांनी सहानुभूतीने विचारात घेतला नाही. ज्ञानाची दारे ज्यांना बंद होती त्यांची भाषा प्रस्थापित ग्रंथभाषेहून वेगळी असणे स्वाभाविक होते, ही बाजू त्यांच्या मापात बसली नाही. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी याकडे जातीय अभिमानातून आलेला अन्याय म्हणून पाहिले आहे. फुले यांच्या गद्यातील बोलीचा जोम आणि संवादात्मक रचना यांना पुढील काळात स्वतंत्र वाङ्मयीन मूल्य दिले गेले. मोरोपंतांच्या दुर्बोधतेची कारणे शोधणाऱ्या समीक्षकाने फुले यांच्या भाषेची कारणे शोधली नाहीत, ही विसंगती त्यांच्या मूल्यमापनात महत्त्वाची ठरते.

नोकरीचा त्याग आणि संस्थात्मक कार्य

१८७८ साली विष्णुशास्त्रींनी काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले. जुनी कविता आणि ऐतिहासिक कागदपत्रे यांचे प्रकाशन हा त्याचा उद्देश होता. चित्रशाळेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. याच सुमारास त्यांची बदली रत्नागिरीस झाली. १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला.

जानेवारी १८८० मध्ये बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर हेही पुढे या कार्यात आले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही साप्ताहिके निघाली.

मृत्यू आणि वारसा

१७ मार्च १८८२ रोजी वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी विष्णुशास्त्रींचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन केले. 'निबंधमाले'तील 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध ब्रिटिश सरकारने १९१० साली जप्त केला. ही बंदी १९३७ साली उठली.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रयत्नांमुळे विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई विद्यापीठाच्या एम.ए. परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. त्यानंतर मराठी ग्रंथकारांच्या गुणदोषांची आणि शैलीची चर्चा हा परीक्षेचा नियमित भाग बनला. या चर्चेला लागणारी गद्यभाषा आणि उदाहरणांवरून मत सिद्ध करण्याची सवय घडवण्यात 'संस्कृत कविपंचक' आणि 'निबंधमाला' यांचा मोठा वाटा होता. विष्णुशास्त्रींचे अनेक निर्णय आज स्वीकारले जात नाहीत. ते तपासण्यासाठी मात्र अभ्यासक मूळ ग्रंथातील आधार शोधण्याची त्यांनी रुजवलेली रीतच वापरतात.