ओळख थोरांची : नटसम्राट बालगंधर्व



मागच्या अंकात आम्ही नाटकाविषयी चार शब्द लिहिले होते. तेव्हापासून वर्गातली मुले विचारत होती की मराठीतला सर्वांत मोठा नट कोण? याचे उत्तर घरोघरी वेगळे मिळेल. पण आजी-आजोबांना विचाराल तर बहुतेक जण एकच नाव घेतील, बालगंधर्व. म्हणून या वेळी त्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचे खरे नाव नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८. लहानपणापासून गळा फार गोड. नारायण दहा वर्षांच्या आसपासचा असताना लोकमान्य टिळकांनी पुण्यात त्याचे गाणे ऐकले. गंधर्व म्हणजे देवलोकातले गायक. हा तर छोटा गंधर्वच आहे, असे कौतुक टिळकांनी केले आणि ते नाव जन्मभर चिकटले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही या मुलाला आधार दिला.

१९०५ साली नारायण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. नाटक मंडळी म्हणजे गावोगाव फिरणारी नाटक कंपनी. पडदे, कपडे, स्वयंपाकी, वादक, नट असा सगळा संसार बरोबर घेऊन ती हिंडत असे. तिथे नारायणाला पहिली मोठी भूमिका मिळाली ती शकुंतलेची.

मुलांनो, इथे तुम्ही थबकला असाल. मुलगा आणि शकुंतला? त्या काळी घरंदाज स्त्रियांनी रंगभूमीवर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे बहुतेक मंडळ्यांत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. ही पद्धत केवळ आपल्याकडेच नव्हती. सिंगापुरात मंदिरापुढे मांडव घालून चिनी वायांग होतो, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. चिनी संगीत नाटकातही पुरुष स्त्रीभूमिका करत. बालगंधर्वांच्याच काळातले मेई लानफांग (१८९४ ते १९६१) हे पेकिंग ऑपेरातले जगप्रसिद्ध नट त्यासाठीच नावाजले गेले. आता वायांगमध्ये बहुधा स्त्रियाच या भूमिका करतात, आणि काही वेळा पुरुषांच्याही!

बालगंधर्वांचे वैशिष्ट्य असे की ते स्त्रीची नक्कल करत नसत. तिचे चालणे, बसणे, लाजणे, रागावणे त्यांनी बारकाईने अभ्यासले होते. प्रेक्षकांतल्या स्त्रिया त्यांच्याकडे पाहून लुगडे नेसण्याची आणि गजरा माळण्याची तऱ्हा उचलत. गाण्यात त्यांना भास्करबुवा बखले यांच्यासारखे गुरू लाभले. एकेका पदाला वन्स मोअर मिळे आणि नाटक रात्रभर चाले.

आता १२ मार्च १९११ या दिवसाची हकीकत. मुंबईत काकासाहेब खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान' या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. बालगंधर्व त्यात भामिनी होणार होते. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे सगळ्यांना वाटत होते. पण बालगंधर्वांनी तो थांबवू दिला नाही. लोक तिकिटे काढून आले होते आणि मंडळीतल्या कितीतरी माणसांचे पोट त्या प्रयोगावर होते. त्या रात्री त्यांनी तोंडाला रंग लावला आणि हसरी, मानी भामिनी उभी केली.

हा प्रसंग आम्ही मोठ्या मुलांच्या वर्गात सांगितला तेव्हा दोन तट पडले. काहींना ते कर्तव्य वाटले. एका मुलीने मात्र विचारले की त्या वेळी घरी मुलीच्या आईजवळ कोण होते? आम्हां शिक्षकांनाही हा प्रश्न अंतर्मुख करून गेला. थोर माणसांची चरित्रे वाचताना त्यांच्या घरच्यांनी काय सोसले, हेही विचारायला हवे.

१९१३ साली बालगंधर्वांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या 'स्वयंवर'मधली त्यांची रुक्मिणी लोकांनी डोक्यावर घेतली. १९१९ साली राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यात दारुड्या नवऱ्याची बायको सिंधू हे त्यांचे काम. एरवी भरजरी शालू नेसणारे बालगंधर्व इथे फाटक्या लुगड्यात जात्यावर दळायला बसले आणि प्रेक्षागृह रडले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. त्यात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर आले होते.

पण पैशाचा हिशोब हा बालगंधर्वांचा प्रांत नव्हता. शालू खरे, दागिने खरे, गालिचे उंची आणि पंगतीला कोणी परका नाही. मंडळीवर लाखाच्या वर कर्ज झाले, आणि त्या काळचा लाख म्हणजे आजचे कितीतरी! दिवाळे जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. वर्षानुवर्षे प्रयोग करून त्यांनी पै-पै फेडली.

तोवर काळ बदलला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. दुसरीकडे १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते. त्यांनी प्रभात फिल्म कंपनीशी भागीदारी केली. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचे काम केले. लोकांना मात्र रुक्मिणी आणि सिंधू पाहायची सवय होती. त्यांना पुरुषवेशातले बालगंधर्व फारसे रुचले नाहीत. त्या एका चित्रपटावरच भागीदारी संपली. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई' चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेशात आले. पण नाटकात दुरून सुंदर दिसणारा चेहरा कॅमेरा अगदी जवळून दाखवतो. तिथे वय लपत नाही आणि वन्स मोअरही मिळत नाही.

गंमत अशी की विष्णुपंत पागनीसही मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारेच. १९३६ साली प्रभातच्याच 'संत तुकाराम'मध्ये ते तुकाराम झाले आणि तो चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे बोलपटाने सगळ्याच जुन्या नटांना नाकारले असे नाही. बालगंधर्वांचा जीव समोरच्या प्रेक्षकांत होता. ते प्रेक्षकांना मायबाप मानत आणि स्टुडिओत मायबाप नव्हते.

ते रंगभूमीवर परतले. १९३८ साली गायिका गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. पूर्वीचे वैभव मात्र परतले नाही. उतारवयात त्यांचे पाय अधू झाले. तरी बसून ते भजने म्हणत. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांच्याच हस्ते बसली. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, २६ जूनला, रंगमंदिराचे दार उघडले.

पालकांना एक विनंती. बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांतले एखादे नाट्यगीत घरी मुलांना जरूर ऐकवा. आवाज थोडा खरखरेल आणि मुले पहिल्यांदा हसतीलही. हसू द्या आणि पुन्हा एकदा लावा. आणि मुलांनो, १२ मार्च १९११ च्या त्या रात्री तुम्ही काय केले असते, ते पाच ओळींत लिहून पुढच्या शनिवारी घेऊन या. दोन्ही बाजूंची उत्तरे आम्हांला हवी आहेत.