मेणाचे घर

१७८९ सालच्या जुलै महिन्याची १२ तारीख. राजाने नेकर या लोकप्रिय अर्थमंत्र्याला बडतर्फ केल्याची वार्ता पॅरिसमध्ये पसरली आणि संतप्त जमाव रस्त्यावर उतरला. नेकर आणि ओर्लेआँचा ड्यूक हे त्या घटकेचे लोकांचे लाडके पुरुष. दोघेही मिरवणुकीत प्रत्यक्ष येणे शक्य नव्हते. तेव्हा जमाव बुलवार द्यू तांप्ल या रस्त्यावरील फिलिप कुर्तियस याच्या प्रदर्शनाकडे वळला, दोघांची मेणाची मस्तके त्याने मागून घेतली आणि ती नाचवीत गर्दी पुढे निघाली. वाटेत लष्कराशी चकमक उडाली. दोन दिवसांनी बॅस्टिलचा तुरुंग पडला. फ्रेंच राज्यक्रांतीची पहिली मिरवणूक मेणाच्या मस्तकांची होती. खऱ्या मस्तकांच्या मिरवणुकांना त्यानंतर फार दिवस लागले नाहीत.

ज्या प्रदर्शनातून ही मस्तके गेली, तेथे कुर्तियसच्या हाताखाली सत्तावीस वर्षांची एक अविवाहित स्त्री काम करीत होती. मारी ग्रोशोल्त्झ हे तिचे नाव. जग तिला मादाम तुसाँ म्हणून ओळखते.

मारीचा जन्म १७६१ च्या डिसेंबरात स्ट्रासबुर्ग येथे झाला. आपल्या जन्मापूर्वी दोन महिने वडील युद्धात कामास आले, असे ती पुढे सांगत असे. अलीकडच्या संशोधनाने निराळाच तपशील पुढे आणला आहे. तिच्या पित्याचे घराणे जल्लादांचे होते. ही गोष्ट तिने आयुष्यभर झाकून ठेवली असल्यास नवल नाही. पण जिने पुढे देहांत शिक्षा भोगलेल्यांच्या प्रतिमा दाखवून संसार उभा केला, तिच्या रक्तात हा वारसा असावा, हा योगायोग कादंबरीकाराच्या कल्पनेलाही सुचला नसता.

आई स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कुर्तियस या वैद्याच्या घरी घरकामास होती. शरीररचना शिकविण्यासाठी हा वैद्य मेणाचे अवयव घडवीत असे. त्यात त्याची बोटे इतकी रमली की वैद्यकी मागे पडली आणि माणसांचे मुखवटे घडविण्यासाठी तो १७६५ साली पॅरिसला आला. दोनेक वर्षांनी मायलेकीही आल्या. पोरक्या मारीचा पिता आणि गुरू दोन्ही तोच झाला. कुर्तियस कलावंत होता, पण त्याहूनही तो लोकांची नाडी ओळखणारा व्यापारी होता. व्हर्सायच्या राजवाड्यात राजघराणे भोजनास कसे बसते, हा देखावा त्याने काही पैशांत सामान्य पॅरिसकरापुढे मांडला. दुसरीकडे, १७८२ साली, त्याने कुप्रसिद्ध दरोडेखोर आणि खुनी यांचे एक वेगळे दालन उघडले. सिंहासन आणि फाशीचा खांब या दोन्हींभोवती माणसांची सारखीच गर्दी होते, हे त्याचे निरीक्षण. मारीने ते पुरते आत्मसात केले.

ही विद्या सोपी नव्हे. प्रथम मातीत चर्या साकारायची किंवा प्रत्यक्ष चेहऱ्यावरूनच ठसा घ्यायचा. त्यावरून प्लास्टरचा साचा करायचा, त्यात वितळलेले मेण ओतायचे आणि कडेचे मेण थिजताच आतले उरलेले काढून घ्यायचे. मग काचेचे डोळे बसवायचे, तापवलेल्या सुईने एकेक केस रोवायचा, त्वचेला रंग चढवायचा. मेणाचे असते ते डोके आणि हात. बाकी देह कपड्यांखाली झाकलेला. या व्यवसायातले खरे भांडवल म्हणजे साचा. पुतळा वितळला, तरी साचा शाबूत असेल तोवर माणूस मरत नाही. मारी सतरा वर्षांची होण्याच्या सुमारास तिच्या हातून व्हॉल्टेअरची प्रतिमा तयार झाली. तो १७७८ मध्ये निवर्तला.

यानंतरची दहा-पंधरा वर्षे म्हणजे तिच्या चरित्रातील सर्वांत नाट्यपूर्ण आणि सर्वांत निसरडा भाग होय. राजाची बहीण एलिझाबेथ हिला कला शिकविण्यासाठी आपण व्हर्सायला राहत होतो, असे तिने १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सांगितले. दरबारच्या कागदपत्रांत तिचे नाव आढळत नाही. दहशतीच्या काळात आपल्याला अटक झाली, गिलोटिनसाठी डोक्यावरचे केस कापले गेले, कोठडीत पुढे नेपोलियनची सम्राज्ञी झालेली जोसेफीन सोबत होती, आणि कुर्तियसच्या ओळखीमुळे आपण सुटलो, हेही तिचेच कथन. सोळावा लुई, राणी मारी आंत्वानेत, मारा, रोब्सपिएर यांचे मृत्युमुखवटे आपणच घेतले, असा तिचा दावा होता. या आठवणी तिच्या एका स्नेह्याने शब्दबद्ध केल्या आणि प्रदर्शनाची जाहिरात हा त्यांचा एक उघड हेतू होता. तेव्हा इतिहासकारांनी त्या चिमटीत धरूनच घ्याव्यात, हे योग्यच. तथापि एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या शहरात राजाचा पुतळा ठेवणे एका महिन्यात राजनिष्ठेचे आणि पुढच्या महिन्यात देशद्रोहाचे ठरत होते, तेथे पुतळ्यांचे दुकान चालवणे म्हणजे रोज मान सुळावर ठेवण्यासारखेच होते. कुर्तियसने ते साधले. राजघराणे जेवणाच्या मेजावरून उठले आणि क्रांतीचे पुढारी त्या जागी बसले.

१७९४ मध्ये कुर्तियस मरण पावला आणि सारा संग्रह मारीच्या नावे करून गेला. पुढल्या वर्षी तिने फ्रांस्वा तुसाँ या इंजिनिअरशी विवाह केला. पहिली मुलगी जगली नाही. जोसेफ आणि फ्रांस्वा हे दोन मुलगे झाले. पतीला व्यवहार जमत नव्हता, पॅरिसला करमणुकीचा उत्साह उरला नव्हता आणि डोक्यावर कर्ज होते. १८०२ साली इंग्लंड-फ्रान्समध्ये आमिआँचा तह झाला, तेव्हा मायावी दिव्यांचे खेळ करणाऱ्या फिलिदोर याच्या निमंत्रणावरून तुसाँबाई चार वर्षांच्या जोसेफला घेऊन लंडनला निघाल्या. धाकटा दोन वर्षांचा. तो आजी आणि वडील यांच्यापाशी राहिला. बाईंना इंग्रजी येत नव्हते. फिलिदोर नफ्याचा निम्मा वाटा घेई. काही महिन्यांची फेरी, चार पैसे गाठीला आणि परत, असाच बेत असावा.

मे १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. पुढे वाट खुली झाली, तरी त्या परतल्या नाहीत. पॅरिसमधील प्रदर्शन पतीच्या हातून कर्जापायी गेले. त्यांनी पतीचे तोंड पुन्हा कधी पाहिले नाही. धाकटा मुलगा भेटला तो सुमारे वीस वर्षांनी, तरुण होऊन स्वतःहून इंग्लंडला आला तेव्हा. या वियोगाची किंमत त्यांनी मनात कशी मोजली, हे आठवणींच्या त्या पुस्तकावरून कळत नाही. राजेरजवाड्यांच्या वस्त्रांचा तपशील भरभरून देणाऱ्या बाई स्वतःच्या नवऱ्याविषयी जवळजवळ गप्प आहेत.

त्यानंतर तीन दशके चालला तो निव्वळ फिरस्तीचा संसार. एडिंबरा, ग्लासगो, डब्लिन, लिव्हरपूल. नाजूक पुतळे पेट्यांत भरायचे, खडबडीत रस्त्यांनी घोडागाडीतून किंवा समुद्रमार्गे न्यायचे, गावातील सर्वांत प्रतिष्ठित सभागृह भाड्याने घ्यायचे, जाहिरात द्यायची. जत्रेतल्या तंबूत त्यांनी आपले प्रदर्शन कधी नेऊ दिले नाही. प्रवेश एक शिलिंग. भीषण दालनासाठी सहा पेन्स अधिक, आणि स्त्रिया व मुले यांनी तेथे जपून जावे अशी सूचना. अर्थात या सूचनेने गर्दी वाढतच असणार! १८२९ मध्ये एडिंबरा येथे फाशी गेलेला बर्क हा खुनी काही दिवसांतच त्यांच्या दालनात उभा राहिला. १८३१ च्या ब्रिस्टलच्या दंगलीत आगी लागल्या, तेव्हा पुतळे पाठुंगळीस मारून बाहेर काढावे लागले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे नव्हती, त्या काळात कारकून आणि कारागीर यांना राजा कसा दिसतो हे दाखविणारी ही जवळजवळ एकमेव जागा होती. सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत प्रत्येकाचे छोटे चरित्र असे. करमणुकीला शिक्षणाचे वस्त्र नेसवल्यावाचून मध्यमवर्ग पैसे देत नाही, हे बाईंनी ओळखले होते.

१८३५ साली, वयाची त्र्याहत्तर वर्षे उलटल्यावर, त्यांनी लंडनच्या बेकर स्ट्रीटवर कायमचा मुक्काम ठोकला. दोन्ही मुलगे भागीदार झाले. तरुण राणी व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक तेथे मेणात साकारला गेला. वॉटर्लू येथे सापडलेली नेपोलियनची गाडी विकत घेण्यात आली. काळा झगा आणि टोपी घातलेली कृश वृद्धा दाराशी बसून स्वतः पैसे मोजून घेई. १८४२ मध्ये त्यांनी आपलाही पुतळा केला. पती १८४८ मध्ये तिकडे वारला. १६ एप्रिल १८५० रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, झोपेतच बाईंचे देहावसान झाले.

चिमणीचे घर मेणाचे म्हणून पावसात टिकले, असे आपल्याकडचे प्रत्येक पोर ऐकत आले आहे. तुसाँचे घर पावसाला भ्याले नाही. त्याला धोका निघाला तो घरातूनच. नातू जोसेफ रँडल याने १८८४ साली मॅरिलबोन रोडवर भव्य इमारत उभारली, पण तिचा खर्च पेलेना. १८८८ मध्ये मर्यादित कंपनी काढली, तर भागधारक झालेल्या नातलगांतच बेबनाव झाला आणि पुढच्याच वर्षी सारा व्यवसाय परक्या व्यापाऱ्यांना विकला गेला. ज्या बाईने भागीदार, युद्ध आणि कर्ज यांना पुरून उरून मालकी एकटीच्या हाती ठेवली, तिच्या पश्चात चाळीस वर्षेही घराण्याला ती राखता आली नाही. वंशज उरले ते पगारी शिल्पकार म्हणून. १९२५ च्या आगीत नेपोलियनची गाडी जळाली, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कित्येक साचे फुटले. दोन्ही वेळा वंशजांनीच पुतळे पुन्हा घडवले. त्यांतला शेवटचा, बर्नार्ड तुसाँ, १९६७ साली वारला.

गंमत अशी, की घराण्याचा अखेरचा धागा तुटल्यावरच त्याचे नाव युरोपभर पसरले. १९७० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला शाखा निघाली. १९७८ मध्ये पिअरसन उद्योगसमूहाने कंपनी घेतली. १९९० मध्ये तिने आल्टन टॉवर्स हे ब्रिटनमधील प्रचंड करमणूक उद्यान खरेदी केले. मेणाच्या पुतळ्यांची पेढी आता उंच पाळण्यांतून आणि भरधाव गाड्यांतून पैसा मिळवू लागली. २००७ मध्ये ती मर्लिन या कंपनीत विलीन झाली; बर्लिन, व्हिएन्ना, इस्तंबूल येथील शाखा त्यानंतरच्या. २०१९ साली मर्लिनच्या खरेदीदारांत लेगो खेळण्यांच्या डॅनिश घराण्याची गुंतवणूक संस्था होती, म्हणजे फिरून एका घराण्याचाच हात तेथे पोचला.

जेथे हे सारे सुरू झाले, त्या पॅरिसमध्ये मात्र तुसाँ हे नाव दारावर लागले नाही. मेणाच्या पुतळ्यांसाठी पॅरिसकर जातो तो १८८२ साली उघडलेल्या ग्रेव्हाँ संग्रहालयात. त्याची मालकीही आज पार्क अस्तेरिक्स हे करमणूक उद्यान चालविणाऱ्या कंपनीकडेच आहे.