लोकमान्य टिळक : लखनौहून लंडनपर्यंत

लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाला लोकमान्य टिळकांचे स्मरण झाले की १९१६ चा डिसेंबर महिना डोळ्यांपुढे उभा राहतो. सुरतेच्या फुटीनंतर नऊ वर्षांनी लोकमान्य येथील काँग्रेस अधिवेशनास आले. त्यांना मोटारीतून मुकाट्याने मुक्कामी नेण्याचा काही पुढाऱ्यांचा बेत होता; पण तरुणांनी तो हाणून पाडला. त्यांनी घोडागाडी आणली, घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत नेली. पुढे काकोरी प्रकरणात फासावर गेलेले रामप्रसाद बिस्मिल त्या तरुणांत होते. याच अधिवेशनात जहाल व मवाळ पुन्हा एकत्र आले आणि काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्यात लखनौ करार झाला.

ज्यांची गाडी लखनौने हातांनी ओढली, त्याच पुरुषाला पुढे एका कागदासाठी सरकारचे दार ठोठवावे लागले, ही हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस जन्मलेल्या लोकमान्यांना सरकारी रोषाची सवय होतीच. १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा भोगण्यास ते मंडालेस गेले आणि १९१४ मध्ये सुटून आले. मात्र पहिल्या महायुद्धाने सरकारच्या हाती आणखी एक शस्त्र दिले. देश सोडण्यास पासपोर्ट आवश्यक झाला आणि परदेशात कोणी बोलावे, हे ठरविण्याची सत्ता कचेरीतील टेबलाकडे गेली.

१९१८ मध्ये स्वराज्याची मागणी ब्रिटिश जनतेपुढे मांडण्यासाठी होमरूल लीगचे शिष्टमंडळ विलायतेस निघाले. त्यात लोकमान्यांसह खापर्डे, केळकर आदी मंडळी होती. कोलंबोस पोहोचल्यावर त्यांना कळले की, विलायत सरकारने त्यांचे पासपोर्ट रद्द केले आहेत. दिलेला परवाना वाटेतच काढून घेतला गेला आणि मंडळी परत फिरली.

लोकमान्य नाउमेद झाले नाहीत. व्हॅलेंटाईन चिरोल या पत्रकाराने १९१० च्या आपल्या ग्रंथात त्यांच्यावर हिंसेला चिथावणी दिल्याचा आरोप केला होता. त्याविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा लंडनच्या न्यायालयात होता. वादीलाच अडविणे सरकारला शोभले नसते. म्हणून पासपोर्ट मिळाला. परंतु राजकीय चळवळ करू नये, या अटीवर! सप्टेंबर १९१८ मध्ये बासष्ट वर्षांचे लोकमान्य बोटीवर चढले. त्यामुळे दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना घेता आले नाही; ते पंडित मदनमोहन मालवीयांनी भूषविले.

लंडनमध्ये हाउले प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरात त्यांनी बिऱ्हाड केले. नावाने ते त्याच सम्राटाचे प्रजाजन. पण वागणूक मात्र परक्याची. युद्ध थांबल्यावर भाषणबंदी उठली. फेब्रुवारी १९१९ मध्ये दाव्याचा निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. सभा घेतल्या, मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडले आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली.

सर्वांत मोठा घाव पॅरिसचा होता. काँग्रेसने शांतता परिषदेसाठी लोकमान्य, गांधीजी आणि हसन इमाम यांची निवड केली होती. लोकमान्यांना पॅरिसचा पासपोर्ट नाकारण्यात आला. परिषदेत हिंदुस्थानच्या नावाने बसले ते माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि लॉर्ड सिंह. तिघेही सरकारने नेमलेले. स्वतःस जाता येईना, तेव्हा लोकमान्यांनी क्लेमांसो व विल्सन यांना पत्रे पाठवून स्वयंनिर्णयाची मागणी मांडली. माणसास अडविता आले, पण त्याचे म्हणणे अडविता आले नाही.

नोव्हेंबर १९१९ मध्ये ते परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांनी देह ठेवला.

१९६७ मध्ये स्वतंत्र भारताने पासपोर्टचा कायदा केला. पुढे १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, न्याय्य रीतीने म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तो काढून घेता येणार नाही. आज आपल्या कित्येक घरांतील मुले परदेशी जातात, व्हिसाच्या रांगेत उभी राहतात आणि कागदपत्रांच्या फेऱ्यांना कंटाळतात. त्या रांगेतही त्यांच्या हातातील पुस्तिकेवर स्वतःच्या देशाची मुद्रा असते. लोकमान्यांच्या हाती ती कधी पडली नाही. परंतु ती आपल्या हाती पडावी म्हणूनच त्यांचे आयुष्य खर्ची पडले. लखनौच्या रस्त्यावरील ती गाडी आठवताना एवढे ऋण ध्यानी ठेवावे.