अश्वविद्येचे उपासक विष्णुपंत छत्रे

घोडा हा प्राणी आम्हां कोकणी माणसांना तसा परकाच. भातखाचरे, जांभ्या दगडाच्या पाखाडी आणि खाडीतील होड्या यांच्या सहवासात वाढलेल्यांना अश्वविद्येची महती सहसा पुस्तकांतूनच कळते. माळव्याचे तसे नाही. आपले फ्रीगंज ज्या उज्जयिनीत आहे, ती नगरी १९४८ पर्यंत शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानात होती. आणि त्या संस्थानाची राजधानी एकेकाळी गाणे आणि घोडेस्वारी या दोन्ही विद्यांचे माहेरघर होती. या दोहोंची ओढ घेऊन दक्षिणेतील एक तरुण तेथे गेला. त्याचे नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

विष्णुपंतांचा जन्म १८४० मधला. कृष्णाकाठचे अंकलखोप हे त्यांचे गाव. ग्वाल्हेरीस त्यांनी हद्दूखाँसाहेबांकडे गायनाचे आणि बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्येचे शिक्षण घेतले. पुढे कंठापेक्षा घोड्याच्या पाठीनेच त्यांना अधिक कीर्ती मिळवून दिली.

घोडे शिकवणाऱ्यास चाबुकस्वार म्हणतात. या शब्दातील चाबूक पाहून आपली सहज फसगत होते. फारसी भाषेत चाबुक म्हणजे चपळ; चाबुकस्वार म्हणजे चपळ, कुशल स्वार. तापट घोडा माराने वठणीवर येतो हा समज मुळातच खोटा आहे. असा घोडा बहुधा दुष्ट नसतो, भ्यालेला असतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. केवळ नाकापुढचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून मागून येणाऱ्यास तो दुगाणी झाडतो. जाणता शिक्षक त्याच्या खांद्याकडून, तोंडाने चुचकारत जवळ जातो, चंदी देतो, खरारा करतो आणि पाठीला हाताची सवय लावतो. मग लांब दोरीवर धरून उजवे-डावे कावे, नंतर रिकामे खोगीर आणि सर्वांत शेवटी स्वार, असा हा क्रम असतो.

या वाटेवर चढ जितके, उतारही तितकेच. काल शहाण्यासारखा फिरलेला घोडा आज एखाद्या वाळल्या पानाला बुजतो, दोन पायांवर उभा राहतो आणि आठवड्याची मेहनत मातीस मिळवतो. कधी दात दुखतो, कधी खोगीर लागून पाठ हुळहुळते, आणि माणूस त्याला खोडी समजतो. अशा वेळी राग आवरणे हीच शिक्षकाची खरी परीक्षा. घोड्याने ऐकले की त्याच क्षणी लगाम सैल सोडावी. तेच त्याचे बक्षीस. आणि दिवसाचा पाठ नेहमी त्याला जमलेल्या गोष्टीवर संपवावा.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी अश्वशिक्षक झाले. १८७९ मध्ये चियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली होती. तिचा खेळ कुरुंदवाडकर आणि विष्णुपंत यांनी पाहिला. अशी सर्कस उभारण्यास हिंदी लोकांना अजून पुष्कळ अवधी लागेल असे चियारिनी म्हणाला आणि विष्णुपंतांनी थोड्या महिन्यांत ती उभी करण्याचा विडा उचलला, अशी कथा सांगतात.

हे आव्हान केवढे होते, ते रिंगणाकडे पाहिल्यावर ध्यानात येते. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप अ‍ॅस्टलीने रूढ केलेले सर्कशीचे रिंगण सुमारे ४२ फूट व्यासाचे असते. त्यात घोडा आतल्या अंगास किंचित कलून एकसारख्या गतीने दौडतो, म्हणूनच पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराचा तोल टिकतो. घोडा एकदा जरी बुजला, तरी स्वाराच्या जिवावर बेतते. घोड्यास पंचांग कळत नाही. मालकाने मुदत स्वीकारली म्हणून तो लवकर शिकत नाही. तरीही १८८० च्या मार्चमध्ये विष्णुपंतांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला. आमच्या मते ही थोड्या महिन्यांची करामत नव्हे. ग्वाल्हेरीपासून कित्येक वर्षे साठवलेली सबुरी त्या महिन्यांत फळास आली.

त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसने हिंदुस्थानभर आणि समुद्रापलीकडेही दौरे केले. मलबारात तेल्लिचेरीस ती गेली, तेव्हा कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी विष्णुपंतांची गाठ पडली. त्यांतूनच पुढे केरळात सर्कसविद्येची मोठी परंपरा उभी राहिली.

त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ हे असामान्य गवई. परंतु व्यसनाधीन होऊन काशीत निराधार फिरत होते. विष्णुपंतांनी आपल्या गुरुपुत्रास ओळखले, जवळ केले, सर्कशीच्या दौऱ्यांत सोबत ठेवले आणि त्यांच्या गाण्याच्या बैठका घडवल्या. लहरी, बिथरलेल्या जिवाला धाकाने नव्हे तर आस्थेने सांभाळावे, हा पागेतला धडा त्यांनी माणसाच्या बाबतीतही गिरवला. रहिमतखाँ पुढे भूगंधर्व म्हणून गाजले आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडास निवर्तले.

विष्णुपंत १९०५ मध्ये कैलासवासी झाले. विद्यार्थी मित्रहो, गणित आज आले आणि उद्या विसरले म्हणून आपण स्वतःवरच चिडतो. त्या वेळी या चाबुकस्वाराचे स्मरण करावे. आपले मन हाही एक बुजरा घोडाच आहे. त्याला न मारता, रोज थोडे, नेमाने फिरवावे. आणि त्याने एक पाऊल नीट टाकले, की लगाम क्षणभर सैल सोडावी.