न्यायमूर्ती रानडे आणि जकातीचा प्रश्न

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव निघाले की प्रार्थना समाज आणि सामाजिक परिषद यांचे स्मरण होते. त्यांचे अर्थचिंतन मात्र काहीसे मागे पडले आहे. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मलेल्या माधवरावांचे बालपण कोल्हापुरास गेले, उच्च शिक्षण मुंबईस झाले. १८७१ मध्ये न्यायखात्याच्या सेवेत ते पुण्यास आले आणि सार्वजनिक सभेचे प्राण बनले.

त्या काळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस आगगाडीने मुंबई बंदरात येई, तेथून लँकेशायरच्या गिरण्यांत जाई आणि कापड होऊन आपल्याच खेड्यांच्या बाजारात परत येई. मुंबईत गिरण्या उभ्या राहू लागताच लँकेशायरचे गिरणीवाले अस्वस्थ झाले. विलायती कापडावरील जकात ही वास्तविक सरकारी उत्पन्नाची बाब. पण तिला देशी गिरण्यांचे संरक्षण ठरवून ती उठविण्याचा धोशा त्यांनी लावला. १८७९ मध्ये लॉर्ड लिटन यांनी आपल्या मंडळाचे बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात काढली. १८८२ मध्ये उरलेलीही गेली. तिजोरीला ओढ लागल्यावर १८९४ मध्ये ती पुन्हा बसली खरी, परंतु १८९६ पासून विलायती कापडावर साडेतीन टक्के, तर देशी गिरणीच्या कापडावरही तितकाच अबकारी कर! खुल्या व्यापाराचा हा न्याय.

रानडे नुसत्या तक्रारीवर थांबले नाहीत. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात हे मतच नाकारले. जर्मन पंडित फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचारांचा त्यांना आधार होता. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा आणि थंड देशांनी पक्का माल करावा, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. मात्र त्यांची भिस्त केवळ जकातीवर नव्हती. नव्या उद्योगांना सरकारने भांडवल आणि पत पुरवावी, असा त्यांचा आग्रह असे. त्यासाठी त्यांनी जावातील डच पद्धतीचा दाखला दिला. तेथील शेतकऱ्यांवर झालेल्या सक्तीला त्यांनी पुरेसे वजन दिले नाही, असे आज वाचताना वाटते.

१८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, १८९८ मध्ये त्यांचे अर्थविषयक निबंध ग्रंथरूपाने निघाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. देशी कापडावरील तो कर थांबला डिसेंबर १९२५ मध्ये. तोवर त्यांना जाऊन जवळजवळ पाव शतक लोटले होते.