कवी ‘बी’ : वऱ्हाडातील एक मधुकर
नारायण मुरलीधर गुप्ते यांचा जन्म १ जून १८७२ रोजी मलकापूर येथे झाला. यवतमाळ व अमरावती येथील शिक्षण, पुढे अकोल्यास सरकारी कचेरीतील कारकुनी, असा या आयुष्याचा बाह्य आलेख साधा आहे. १८९१ साली ह. ना. आपटे यांच्या ‘करमणूक’मध्ये त्यांची कविता प्रथम प्रसिद्ध झाली; ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह मात्र आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९३४ साली निघाला. कवीचे वय तेव्हा ६२ होते. अर्धशतकाच्या लेखनात एकूण कविता पन्नासाच्या आसपास. या अल्पतेचा उल्लेख समीक्षक बहुधा उणीव म्हणूनच करतात.

तो तसा करावा का, याचे उत्तर त्यांच्या टोपणनावात दडले आहे. ‘बी’ म्हणजे इंग्रजीतील मधमाशी. रोमन कवी होरेस (इ. स. पू. ६५–८) याने ‘ओड्स’च्या चौथ्या भागात ग्रीक कवी पिंडर याला उंच झेपावणारा हंस म्हटले आणि स्वतःला कष्टाने मध वेचणारी मधमाशी. होरेसही काही काळ रोमच्या कोषागारात लेखनिक होता! बींवर त्याचा प्रभाव होता, असे यावरून ठरत नाही. परंतु दोन काव्यवृत्तींतील भेद मात्र नेमका कळतो. पिंडरची ओड क्रीडाविजयाच्या उत्सवात वृंदाने गायची. होरेसची बहुधा एखाद्या स्नेह्याला उद्देशून, हलक्या आवाजात बोललेली. मराठीतील ‘उद्देशिका’ या संज्ञेला हा दुसरा अर्थच अधिक साजतो.

बींच्या ‘डंका’मध्ये पहिला सूर आहे, आणि त्याच्याच बळावर त्यांना केशवसुत-संप्रदायात बसविले गेले. त्यांचा खरा कस मात्र दुसऱ्या सुरात लागतो. ‘चाफा’मध्ये अबोल फुलाची मनधरणी आहे. ‘माझी कन्या’मध्ये श्रीमंतांच्या मुलींनी हिणवलेल्या लेकीची समजूत बाप काढतो, समजावता समजावता दारिद्र्याचा प्रश्न घराचा उंबरठा ओलांडून थेट विश्वाच्या नियंत्यापर्यंत जातो. कचेरीत आयुष्य वेचणाऱ्या गृहस्थाचा हा आवाज सभेत चढविला असता, तर फाटला असता. इतके घट्ट लेखन विपुल होणे कठीणच.

प्रसिद्धीपासून ते अखेरपर्यंत दूर राहिले. ३० ऑगस्ट १९४७ रोजी छिंदवाडा येथे त्यांचे निधन झाले. देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा लोटला होता.