विश्लेषण : एका ‘पिंग’ने संगणक का कोसळत होते? इंटरनेटचे नियम लिहिणारे जॉन पोस्टेल कोण होते?

लांब दाढी, पायात सँडल. मरिना डेल रे येथील संशोधन संस्थेत जॉन पोस्टेल असेच वावरत. ही बातमी तुमच्या फोनपर्यंत ज्या प्रोटोकॉलच्या आधारे पोहोचते, त्यांचे मूळ दस्तऐवज त्यांच्या हातचे. त्यातलीच एक मर्यादा न पाळल्याने १९९६-९७ मध्ये अनेक संगणक एका संदेशाने बंद पडू लागले.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियात झाला. व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये ते शिकले. विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकरही त्याच शाळेचे. पुढे यूसीएलएमध्ये तिघे अर्पानेटवर एकत्र आले. १९६९ मध्ये ‘आरएफसी’ ही दस्तऐवजांची मालिका सुरू झाली. तिचे संपादन पोस्टेल यांनी अखेरपर्यंत केले.

६५,५३५ ही मर्यादा कुठून आली?

सप्टेंबर १९८१ च्या आयपी दस्तऐवजात पॅकेटच्या लांबीसाठी १६ बिट आहेत, म्हणजे कमाल ६५,५३५ बाइट. मोठे पॅकेट तुकड्यांनी येते आणि कर्नल ते बफरमध्ये जोडतो. आपली जागा प्रत्येक तुकडा स्वतःच सांगतो. ही जागा ६५,५२८ पर्यंत असू शकते. त्यापुढे मर्यादेत उरतात जेमतेम ७ बाइट. पण तुकडा हजार बाइटचा असेल तर?

अनेक कर्नल हा प्रश्न विचारतच नव्हते. तुकडा थेट कॉपी होई, बफरपलीकडची मेमरी बिघडे आणि यंत्रणा कोसळे. विंडोज ९५ मधली साधी पिंग कमांडही त्यासाठी पुरेशी होती. नाव पडले ‘पिंग ऑफ डेथ’. उपाय सोपा होता : कॉपी करण्याआधी जागा आणि लांबीची बेरीज करायची, मर्यादा ओलांडली तर तुकडा टाकून द्यायचा. मात्र ती बेरीज १६ बिटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, तर ती पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तपासणीच फसते!

मग दोष पोस्टेल यांचा का?

पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा, हे त्यांचे तत्त्व. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जाळ्यात ते चालून गेले. अनोळखी जगात तोच उदारपणा अंगाशी येतो, अशी टीका पुढे झाली. या प्रकरणात मात्र मर्यादा दस्तऐवजात स्पष्ट होती. ती तपासणे कर्नल लिहिणाऱ्यांचे काम होते.

जानेवारी १९९८ मध्ये पोस्टेल यांच्या सांगण्यावरून आठ रूट सर्व्हर चालकांनी अमेरिकी सरकारच्या व्यवस्थेऐवजी त्यांच्या सर्व्हरकडून माहिती घ्यायला सुरुवात केली. सरकारच्या दबावानंतर हा बदल मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला, हृदयशस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख त्याच मालिकेत प्रसिद्ध झाला : आरएफसी २४६८.